पॅटी बॉइडने ती पत्रे विकायला हवी होती का?

चैत्रपालवी

मार्च २०२४ मध्ये क्रिस्टीज या लंडनच्या लिलावगृहाने पॅटी बॉइड हिच्या संग्रहातील १११ वस्तू लिलावात काढल्या होत्या. ती बातमी मी तेव्हा वाचून सोडून दिली होती. गेल्या रविवारी मात्र जेवणाच्या टेबलावर याच विषयावरून आमच्या घरात कडाक्याचा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नसल्यामुळे येथे मांडत आहे.

ज्यांना पूर्वपीठिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅटी ही साठच्या दशकातील लंडनची आघाडीची फॅशन मॉडेल. जानेवारी १९६६ मध्ये तिने बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनशी लग्न केले आणि मार्च १९७९ मध्ये एरिक क्लॅप्टनशी. क्लॅप्टन हा जॉर्जचा जिवलग मित्र, आणि ती जॉर्जच्या घरात नांदत असतानाच तो तिच्या प्रेमात पडला होता. ‘समथिंग’, ‘लैला’ आणि ‘वंडरफुल टुनाइट’ ही गाणी तिच्यावरून सुचली असे सर्वत्र सांगितले जाते. लिलावात दोघांचीही पत्रे होती, छायाचित्रे होती, कपडे आणि दागिने होते. ‘लैला’च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचे मूळ तैलचित्रही होते. त्याला ४० ते ६० हजार पौंड येतील असा अंदाज होता आणि ते गेले १९ लाख ७६ हजार पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २० कोटी रुपयांना.

चित्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न पत्रांचा आहे. एक नवरा २००१ मध्ये गेला, दुसरा अजून हयात आहे. कोणीतरी रात्री एकट्याने बसून, दुसरे कोणी वाचणार नाही अशा भरवशावर लिहिलेले कागद बोली लावून विकणे मला स्वतःला पटत नाही. आमच्या घरात मी एकटीच या मताची निघाले. आपल्याला काय वाटते?

कोकणकडा

तिची पत्रे, तिची पेटी, तिचे घर. आपण कोण बोलणार?

कलम_दुरुस्ती

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून कायद्याचे सांगतो, कारण येथे अनेकांचा गैरसमज असतो. पत्राचा कागद आणि पत्रातला मजकूर या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. कागद ज्याला पाठवला त्याच्या मालकीचा होतो, त्यामुळे तो जपावा, विकावा की बंबात घालावा हे त्याने ठरवायचे असते. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो, ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षे आणि आपल्याकडे सर्वसाधारणपणे ६० वर्षे. म्हणजे पॅटीने कागद विकले ते पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि ज्याने ते विकत घेतले त्याने उद्या त्यांचे पुस्तक काढायचे म्हटले तर त्याला क्लॅप्टनच्या दारात जावे लागेल. चैत्रपालवी यांचा प्रश्न औचित्याचा आहे हे मला समजते, परंतु ‘तिला अधिकारच नव्हता’ असे कोणी म्हणू नये एवढ्यासाठी हे लिहिले.

जुना_रेडिओ

मी या मंडळींचे संगीत चाळीस वर्षे ऐकत आलो आहे आणि मला या विषयाचा मनापासून कंटाळा आहे. गाणे कोणावरून सुचले याला गाण्याच्या दृष्टीने काडीचे महत्त्व नसते. ‘समथिंग’विषयी पॅटी म्हणते की ते तिच्यासाठी लिहिल्याचे जॉर्जने तिला स्वयंपाकघरात सांगितले होते. पुढे जॉर्ज स्वतःच सांगू लागला की लिहिताना त्याच्या डोक्यात रे चार्ल्सचा आवाज होता आणि गाणे कोणा एकीवर नव्हते. आता या दोघांपैकी खरे कोण, याने त्या चालीतला एक स्वर तरी बदलतो का? ‘लैला’चेही तेच. नाव निजामीच्या बाराव्या शतकातील फारसी काव्यातून आले, त्या ध्वनिमुद्रणातले निम्मे बळ ड्वेन ऑलमनच्या गिटारचे आहे, आणि शेवटचा पियानो जिम गॉर्डनने वाजवलेला आहे. पॅटी नसती तर क्लॅप्टनने दुसऱ्या कोणावर तरी लिहिले असते. तिला नाहक डोक्यावर घेऊ नये आणि पत्रांवरून धारेवरही धरू नये.

टेम्सकाठी

जुना_रेडिओ, आपले पहिले वाक्य मान्य आहे, शेवटचेही मान्य आहे, पण मधल्या सगळ्यात एक बाई गायब झाली आहे ती आपल्या लक्षात आलेली नाही.

मी गेली काही वर्षे सरे परगण्यात राहते आणि हा सगळा मुलूख माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे, म्हणून या बाईविषयी जरा जास्त वाचले आहे. पॅटीचा जन्म १७ मार्च १९४४ रोजी सॉमरसेटमधल्या टाँटन येथे झाला. लहानपणीची काही वर्षे केनियात गेली, आईवडील विभक्त झाले, मग निवासी शाळा. १९६२ मध्ये ती लंडनला आली आणि एलिझाबेथ आर्डेनच्या सलूनमध्ये ग्राहकांचे केस धुण्याच्या कामाला लागली. तेथे आलेल्या, नियतकालिकात काम करणाऱ्या एका बाईने तिला मॉडेलिंगचे सुचवले. दोन वर्षांत ती डेव्हिड बेली आणि टेरेन्स डोनोव्हन यांच्यासारख्या छायाचित्रकारांसमोर उभी राहत होती आणि ‘व्होग’मध्ये छापून येत होती.

त्या काळच्या मॉडेलचे काम आजच्यासारखे नव्हते हे लक्षात घ्या. रंगभूषा आणि केशभूषा करायला हाताशी माणसे नसत. मुली खांद्याला भली मोठी पिशवी अडकवून बसने किंवा भुयारी रेल्वेने फिरत, आणि त्या पिशवीत वेगवेगळ्या रंगांचे बूट, हातमोजे, मोजे, टोप, खोट्या पापण्या, गंगावने असा सगळा संसार असे. एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जायचे, दारात आपला छायाचित्रांचा संच दाखवायचा, नकार घ्यायचा आणि पुढचा पत्ता गाठायचा. पॅटीच्या पुढच्या दोन दातांत फट होती, चेहरा ससुल्यासारखा होता, आणि आधीच्या पिढीच्या उंच मानेच्या, सरदारघराण्यातल्या वाटाव्यात अशा मॉडेलांमध्ये ती मुळीच बसत नव्हती. तोच चेहरा पुढच्या चार वर्षांत लंडनचा चेहरा झाला. अमेरिकेतल्या किशोरींच्या एका मासिकात तर ती लंडनच्या फॅशनवर नियमित सदर लिहीत असे.

यातले बरेचसे तिने जॉर्ज भेटण्यापूर्वी किंवा त्याच्या नावाच्या आधाराशिवाय कमावलेले होते. तिला बीटल्सच्या पहिल्या चित्रपटात शाळकरी मुलीचे चिमुकले काम मिळाले तेसुद्धा मॉडेल म्हणून, कारण त्याच दिग्दर्शकासाठी तिने बटाट्याच्या वेफर्सची जाहिरात केली होती. मार्च १९६४ मध्ये त्या रेल्वेच्या डब्यात जॉर्ज भेटला, आणि पहिल्या दिवशी तिने त्याला चक्क नकार दिला, कारण तिचा मित्र होता.

सदाशिव_पेठी_उसासा

बीटलला नकार देणारी मुलगी १९६४ साली पृथ्वीवर एकच असेल. पुढचे ऐकायला उत्सुक आहे.

टेम्सकाठी

दहाबारा दिवसांनी पुन्हा चित्रीकरण होते, तोवर तिने त्या मित्राला निरोप दिला होता. पहिल्या भेटीला दोघे जेवायला गेले तेव्हा बरोबर तिसरा माणूस होता, बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन.

या एप्स्टाइनचा पुढचा किस्सा मला फार बोलका वाटतो. १९६५ च्या नाताळाच्या सुमारास दोघे मोटारीतून लंडनमध्ये चालले होते. जॉर्जने एप्स्टाइनच्या घरासमोर गाडी उभी केली, तिला गाडीतच बसवून तो आत गेला, आणि बाहेर येऊन म्हणाला की ब्रायनची हरकत नाही, आपण लग्न करू या. २१ जानेवारी १९६६ रोजी एप्सम येथील विवाह नोंदणी कार्यालयात लग्न झाले. अंगावर मेरी क्वांटचा लालसर रेशमी आखूड पोशाख, वर कोल्ह्याच्या कातड्याचा लाल कोट, आणि बीटल्सपैकी हजर फक्त पॉल मॅकार्टनी.

तबलजींच्या_घरून

हा गाडीत बसून राहण्याचा प्रसंग वाचून मी मोठ्याने हसले. आमच्याकडे लग्नाची तारीख ठरवताना आधी गुरुजींचे वर्ग, मग दोन महोत्सव, मग एका गायिकेचा परदेश दौरा एवढे सगळे पाहून उरलेला गुरुवार आम्हाला मिळाला होता.

माझे यजमान तबल्याची साथ करतात. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. मी त्यांच्याविषयी तक्रार करायला येथे आलेली नाही, संसार उत्तम झाला. परंतु ‘वंडरफुल टुनाइट’ची जन्मकथा मला कोणी सांगितली की माझ्या कपाळाला आठी पडते. ती कथा अशी आहे की सप्टेंबर १९७६ मध्ये दोघांना मॅकार्टनी दांपत्याच्या मेजवानीला जायचे होते. पॅटी वरच्या मजल्यावर हा पोशाख घाल, तो काढ असे करत होती आणि क्लॅप्टन तयार होऊन खाली गिटार घेऊन बसला होता. ती अखेर खाली आली, उशीर झाला म्हणून आता हा चिडणार अशा भीतीने, आणि त्याने तेवढ्या वेळात केलेले गाणे तिला ऐकवले. गाणे सुंदर आहे यात वाद नाही. बायको तयार होईपर्यंत त्याने अर्धा तास वाट पाहिली तर जगाला एक गाणे मिळाले. मैफलीनंतर रात्री अडीच वाजता मी किती वेळा वरणभात पुन्हा गरम केला याची गणती नाही, आणि त्यावर आमच्या घरात अजून एकही कायदा (तबल्यावरची एक रचना) बांधला गेलेला नाही. (कलम_दुरुस्ती यांनी घाबरू नये, आमचे कायदे तीनतालात असतात.)

मूळ प्रश्नाचे उत्तर: मी विकली नसती. पण माझ्याकडे पत्रेच नाहीत, यांनी मला आयुष्यात एकदा नाशिकहून पोस्टकार्ड पाठवले होते आणि त्यात डग्ग्याच्या पुडीचे माप होते.

कलम_दुरुस्ती

ते पोस्टकार्ड जपून ठेवावे. साठ वर्षांचा हिशेब मी वर दिलेला आहे.

मंद्रसप्तक

एक गंमत सांगतो. पॅटीची धाकटी बहीण जेनी हीसुद्धा मॉडेल होती आणि तिने फ्लीटवुड मॅकचा ढोलवादक मिक फ्लीटवुड याच्याशी एकदा १९७० मध्ये आणि घटस्फोटानंतर पुन्हा १९७७ मध्ये असे दोनदा लग्न केले. तिचे पुढचे लग्नही ढोलवादकाशीच झाले, किंग क्रिमसनच्या इयन वॉलेसशी. म्हणजे मिक फ्लीटवुड हा जॉर्ज हॅरिसनचा साडू होता. इंग्रजीत हे नाते सांगायला अर्धे वाक्य खर्चावे लागते, आपल्याकडे दोन अक्षरांत काम होते.

परंतु जॉर्ज आणि क्लॅप्टन यांनी एकमेकांना काय म्हणावे याला मात्र मराठीत शब्द नाही. सवत आहे, तिचा पुल्लिंगी पर्याय आपल्या पूर्वजांना कधी लागलाच नाही.

सदाशिव_पेठी_उसासा

‘सवता’ म्हणावे. नाहीतरी क्लॅप्टनने सवता सुभाच मांडला होता.

टेम्सकाठी

जॉर्ज स्वतः या नात्यावर विनोद करत असे. १९७९ च्या मे महिन्यात क्लॅप्टनच्या ह्युर्टवुड एज या घराच्या बागेत लग्नाची मेजवानी झाली, त्याला जॉर्ज आला, बीटल्सपैकी पॉल आणि रिंगोही आले, आणि तिघांनी मिळून वाजवलेसुद्धा. इंग्लंडमध्ये याला सभ्यपणा म्हणतात. मला मात्र तेव्हा पॅटीला काय वाटले असेल असे राहून राहून वाटते, कारण त्या मांडवात दोघे सोयरे हसतखेळत होते आणि ती कोणाकडे पाहणार होती?

जेनीविषयी एक भर घालते. १९६८ मध्ये दोघी बहिणींनी चेल्सी मार्केटमध्ये जुन्या वस्तूंचे छोटे दुकान काढले होते आणि त्याचे नाव ‘जुनिपर’ ठेवले होते, जेनीवर गायक डोनोव्हनने केलेल्या गाण्यावरून. जेनी पुढे पीएच.डी. झाली आणि संगीतकारांना सुचते कसे याविषयी तिने पुस्तक लिहिले. ज्या प्रश्नावर आपण येथे वाद घालतो आहोत त्यावर तिने कलावंतांच्या मुलाखती घेऊन काम केले.

कुलाबा_कॉजवे

या कथेचा एक तुकडा आमच्या गल्लीतला आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज आणि पॅटी मुंबईत ताजमहाल हॉटेलात येऊन उतरले होते. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकणे हा हेतू होता. खोटे नाव लावले होते, जॉर्जने केस कापून मिशा वाढवल्या होत्या, तरी लिफ्टवर काम करणाऱ्या एका तरुणाने त्याला ओळखले आणि बातमी फुटली. मग पत्रकार परिषद घेऊन त्याला सांगावे लागले की आपण शांतपणे शिकायला आलो आहोत. त्यानंतर मंडळी काश्मीरला गेली आणि हाऊसबोटीवर राहिली.

माझे वडील तेव्हा महाविद्यालयात होते आणि हॉटेलसमोरच्या गर्दीत दोन दिवस उभे होते. त्यांना जॉर्ज दिसलाच नाही. दिसली ती फक्त खिडकीच्या पडद्यामागून क्षणभर डोकावलेली एक सोनेरी केसांची बाई, आणि पुढची पन्नास वर्षे ते ‘मी बीटल पाहिला’ एवढेच सांगत राहिले. आई म्हणायची, अहो, तुम्ही बीटलची बायको पाहिलीत.

मंद्रसप्तक

वा! आणि त्या दिवसांत पॅटीने स्वतःही एक वाद्य हातात घेतले होते हे सहसा कोणी सांगत नाही. ती दिलरुबा शिकत होती. शिकवणारे होते शिवदयाल बातिश, जे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गायक आणि संगीतकार म्हणून काम करून १९६४ मध्ये इंग्लंडला गेले होते. दिलरुबा हे गजाने वाजवायचे, पडद्यांचे आणि तरफांचे वाद्य आहे, गज एका हातात आणि पडद्यांवर दुसरा हात. वर्ष-दोन वर्षे नेटाने बसल्याशिवाय त्यातून कानाला बरे वाटेल असे काही निघत नाही.

आणखी एक. बीटल्स ऋषीकेशला गेले ही गोष्ट सर्वांना पाठ असते, पण ध्यानाच्या त्या वाटेवर पहिले पाऊल टाकले ते पॅटीने. १९६७ च्या सुरुवातीला ती एका मैत्रिणीबरोबर लंडनमधील महर्षी महेश योगींच्या संस्थेत जाऊन ध्यान शिकली आणि मग घरी सांगितले. ऑगस्टमध्ये सगळे महर्षींच्या व्याख्यानाला गेले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत ऋषीकेशला. तिचा चोविसावा वाढदिवस त्या आश्रमात साजरा झाला.

रानजाई

मी बराच वेळ नुसती वाचत होते. रविशंकरांचे नाव निघाले म्हणून लिहिते. ज्या मुंबईत जॉर्ज सतार शिकायला आला त्याच मुंबईत रविशंकरांच्या पहिल्या पत्नी अन्नपूर्णादेवी होत्या. त्या सुरबहारवादक म्हणून कोणत्या योग्यतेच्या होत्या हे येथे सांगायची गरज नाही. त्यांनी जाहीर वादन बंद केले ते कायमचे. त्यानंतर २०१८ मध्ये जाईपर्यंत त्यांनी फक्त शिष्य घडवले. एका बाजूला दिवाणखान्यात शिष्य होऊन बसलेला जगप्रसिद्ध गिटारवादक, आणि त्याची बायको, जिचे काम लग्नानंतर कमी कमी होत गेले कारण नवऱ्याला ते आवडत नव्हते. मला या दोन बायका एका चित्रात दिसतात.

जुना_रेडिओ

ही तुलना मला साफ अमान्य आहे. अन्नपूर्णादेवी या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या पहिल्या प्रतीच्या कलावंत होत्या. पॅटीने दिलरुबा काही महिने हाताळला. दोघींना एका ओळीत बसवणे हा अन्नपूर्णादेवींवर अन्याय आहे.

रानजाई

मी वादनाची तुलना केलीच नव्हती. पॅटीचे काम दिलरुबा नव्हते, मॉडेलिंग होते, आणि त्यात ती पहिल्या प्रतीची होती. ते काम हलके असे आपण गृहीत धरता, म्हणून आपल्याला तुलना खटकते. छायाचित्रात उभे राहणे ही विद्या नाही असे आपले म्हणणे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

जुना_रेडिओ

...आपला हा मुद्दा मला आधी दिसला नव्हता. विचार करतो.

टेम्सकाठी

रानजाई यांच्या बाजूने थोडे. लग्नानंतर तिचे काम सुटत गेले आणि त्या बदल्यात तिच्या वाट्याला काय आले ते पाहा. १९६४ च्या नाताळात हॅमरस्मिथच्या कार्यक्रमाबाहेर चाहत्या मुलींनी तिला लाथा मारल्या होत्या. १९६९ च्या मार्चमध्ये, पॉलच्या लग्नाच्याच दिवशी, त्यांच्या ईशरच्या बंगल्यावर अमली पदार्थांसाठी धाड पडली तेव्हा ती घरात एकटी होती. दोघांना प्रत्येकी २५० पौंड दंड झाला. १९७० मध्ये हेन्लीच्या फ्रायर पार्क या अवाढव्य वाड्यात राहायला गेले. शंभराहून अधिक खोल्या, बागेत गुहा, आणि आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती. जॉर्ज बागेत, जपात आणि ध्वनिमुद्रणात, आणि घरात इतर बायकांची ये-जा. त्यातली एक रिंगोची बायको.

आता पत्रे. मूळ प्रश्न त्यांचाच होता, म्हणून नीट सांगते. १९७० मध्ये तिला टपालाने एक पत्र आले. लहान अक्षरांत लिहिलेले, खाली सही म्हणून फक्त ‘ई’ हे अक्षर. लिहिणारा विचारत होता की तू अजून नवऱ्यावर प्रेम करतेस का. तिला वाटले कोणा माथेफिरू चाहत्याचे असेल. तिने हसत ते जॉर्जला आणि घरात असलेल्या मंडळींना दाखवले. संध्याकाळी क्लॅप्टनचा फोन आला: माझे पत्र मिळाले का?

चैत्रपालवी

म्हणजे पहिल्याच दिवशी ते पत्र तिने नवऱ्याला आणि पाहुण्यांना दाखवले होते? हे मला ठाऊक नव्हते.

टेम्सकाठी

होय. आणि पुढचे त्याहून वाईट आहे. त्याने लंडनमधल्या एका घरात तिला ‘लैला’चे मुद्रण दोनतीन वेळा ऐकवले. तिच्या मनात पहिला विचार आला की हे आता सगळ्यांना कळणार. त्याच रात्री एका मेजवानीत क्लॅप्टनने जॉर्जला तोंडावर सांगितले की मी तुझ्या बायकोच्या प्रेमात आहे. ती नवऱ्याबरोबर घरी गेली. नंतर एकदा क्लॅप्टनने खिशातून हेरॉइनची पुडी काढून तिच्यासमोर धरली आणि सांगितले की तू माझ्याकडे आली नाहीस तर मी हे घेणार. ती गेली नाही. तो पुढची तीनेक वर्षे हेरॉइनच्या आहारी होता. हे सगळे तिने स्वतः आत्मचरित्रात लिहिले आहे.

तबलजींच्या_घरून

याला आमच्याकडे प्रेम म्हणत नाहीत. दारात येऊन विहिरीत उडी मारीन म्हणणाऱ्या पोराला चाळीतल्या बायका जे म्हणायच्या ते मी येथे लिहिणार नाही.

जुना_रेडिओ

क्लॅप्टनची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, पण व्यसन हा आजार आहे हेही कोणीतरी लिहायला हवे. हेरॉइन सुटले तेव्हा दारू आली. १९८२ मध्ये तो उपचारांसाठी अमेरिकेतील हेझल्डनला दाखल झाला, पुन्हा घसरला, पुन्हा उठला, आणि पुढे त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढले. त्याने स्वतःच्या आत्मचरित्रातही स्वतःला फारसे सोडलेले नाही.

रानजाई

आणि त्या सगळ्या घसरणीच्या वर्षांत घरात कोण होते? ती १९७४ मध्ये जॉर्जला सोडून त्याच्याकडे आली ती १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरपर्यंत. मूल व्हावे म्हणून तिने उपचारही करून घेतले, ते फळाला आले नाहीत, आणि १९८६ मध्ये दुसऱ्या एका स्त्रीपासून क्लॅप्टनला मुलगा झाला. ते मूल पुढे चौथ्या वर्षी गेले, त्याविषयी कोणालाही हळहळ वाटावी. पण १९८६ साली पॅटी अजून त्याची लग्नाची बायको होती. एक लक्षात घ्या, १९९१ मध्ये तिने रिंगोच्या दुसऱ्या बायकोबरोबर, बार्बरा बाखबरोबर, व्यसनी लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी संस्था काढली. कुटुंबीयांसाठी, हे त्यातले मला महत्त्वाचे वाटते.

सदाशिव_पेठी_उसासा

पहिल्या लग्नाला व्यवस्थापकाची परवानगी लागली, हे वर आलेच आहे. दुसऱ्याची कथा कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो. १९७९ च्या मार्चमध्ये ती क्लॅप्टनपासून दूर, अमेरिकेत होती. इकडे क्लॅप्टन आणि त्याचा व्यवस्थापक रॉजर फॉरेस्टर यांच्यात पैज लागली. फॉरेस्टर म्हणाला, उद्याच्या पेपरात तुझे नाव छापून आणतो, आणि त्याने वार्ताहराला कळवले की क्लॅप्टन पॅटी बॉइडशी लग्न करणार. बातमी छापून आली. आता तिच्या कानावर जाण्याआधी तिला विचारणे भाग होते, म्हणून क्लॅप्टनने फोनवरून मागणी घातली. २७ मार्चला ॲरिझोनातील टूसॉन येथे लग्न लागले.

विनोद म्हणून लिहायला बसलो होतो, पण लिहून झाल्यावर तसे वाटत नाही. एका बाईची दोन लग्ने, आणि दोन्ही वेळा तिच्याआधी नवऱ्याच्या व्यवस्थापकाला ठाऊक.

कोकणकडा

म्हणूनच म्हणतो, विकली ते बरे केले. निदान हा एक व्यवहार तिने स्वतः ठरवला, कोणाच्या व्यवस्थापकाने नाही.

कुलाबा_कॉजवे

आपल्याकडेही कलावंतांच्या पत्नींनी आत्मचरित्रे लिहिली तेव्हा ‘घरातले बाहेर काढले’ म्हणून केवढा गदारोळ झाला होता ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धाग्यावरचा सूर ओळखीचा वाटेल. नवऱ्याने ‘लैला’ म्हणून तिची कहाणी स्टेडियममध्ये गायली तर ती कला. तिने पत्र दाखवले तर मात्र विश्वासघात.

चैत्रपालवी

कुलाबा_कॉजवे, शेवटचा टोला मलाच आहे आणि तो बसला. तरीही मी पूर्णपणे पालटलेले नाही. गाणे लिहिणाऱ्याने गायले ते स्वतःचे शब्द होते. पत्रातले शब्द दुसऱ्याचे आहेत, आणि कलम_दुरुस्ती यांनीही मजकूर लिहिणाऱ्याचाच असतो असे म्हटले आहे.

मंद्रसप्तक

तिचे स्वतःचे असे काही होते का, हा प्रश्न मग उरतो, आणि त्याचे उत्तर आहे. ती कॅमेऱ्यासमोर होती त्याच वर्षांत कॅमेऱ्यामागेही होती. छायाचित्रकारांच्या संगतीत ती शिकत गेली आणि घरातली माणसे टिपत राहिली: बागेत बसलेला जॉर्ज, झोपाळलेला क्लॅप्टन, ऋषीकेशची मंडळी. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, आणि त्यानंतर ती छायाचित्रे अनेक देशांत गेली. त्यातली काही छायाचित्रे मी पाहिली आहेत. त्यांतले जॉर्ज आणि क्लॅप्टन हे आपण पोस्टरांवर पाहतो ते नाहीत. एकाचे केस विस्कटलेले, दुसरा समोर कोणी आहे हे विसरून कुठेतरी पाहणारा. कोणी परका छायाचित्रकार असता तर हे दोघे सावरून बसले असते.

तबलजींच्या_घरून

म्हणजे तिलाही वाट पाहण्यातून काही मिळाले होते तर! मी आजच जुना कॅमेरा शोधून काढते. पहाटे तीनला वरणभात खाणारा तबलावादक, असे प्रदर्शन मराठीत अजून झालेले नाही.

जुना_रेडिओ

रानजाई, विचार करतो म्हणालो होतो, तो केला. काल रात्री ‘लैला’ पुन्हा लावले. चाळीस वर्षांत प्रथमच ते ऐकताना मला गाणाऱ्याच्या ऐवजी, जिला ते बंद खोलीत तीनदा ऐकवले गेले तिचा विचार मनात आला, आणि पियानो सुरू होईपर्यंत मी थांबलो नाही. गाणे वाईट आहे असे मी अजूनही म्हणणार नाही.

चैत्रपालवी

आमच्या घरच्या वादाचे काय झाले असे दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारले आहे, म्हणून शेवटचे लिहिते.

लिलाव ८ ते २२ मार्च असा चालू होता, म्हणजे ती ऐंशी वर्षांची झाली तो दिवस त्यातच आला. २०१५ मध्ये तिने तिसरे लग्न केले आहे, नवरा संगीतकार नाही, मालमत्तेच्या विकासाच्या व्यवसायातला आहे. तिला मूलबाळ नाही. आज ना उद्या ती पेटी कोणीतरी उघडणारच होते, आणि ते कोण असेल हे तिला ठाऊक नव्हते. माझ्या सासूबाई, ज्या रविवारी माझ्या विरुद्ध बाजूला होत्या, त्यांचे म्हणणे हेच होते: आपल्यामागे भाचरांनी गठ्ठे उलगडत बसण्यापेक्षा आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांदेखत, कोणता कागद कुठे जातो हे ठरवलेले बरे. मी तेव्हा ऐकून घेतले नव्हते.

मी विकली नसती, हे माझे मत माझ्यापुरते तसेच आहे. परंतु ‘ई’ अशी सही केलेले ते पत्र तिने दोन घटस्फोट आणि अनेक घरबदल यांतून ५४ वर्षे सांभाळले होते, आणि पाठवणाऱ्याने तेवढ्या काळात तिचे एखादे पत्र सांभाळले असेल का, हे सासूबाईंनी विचारल्यावर मला उत्तर सुचले नाही. त्या स्वतःची ट्रंक या दिवाळीत माळ्यावरून खाली काढणार आहेत. चावी माझ्याकडे दिलेली नाही.